ओरिएंटेशन दरवर्षी होतं, तरी मुलांना संदर्भ शोधता येत नाहीत. काय करावं?

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम पुण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दरवर्षी जुलैत ग्रंथपाल सर शंभरेक मुलांना हॉलमध्ये बसवून लायब्ररीची ओळख करून देतात, ओपॅक (लायब्ररीची संगणकावरची पुस्तकसूची) दाखवतात, ई-जर्नल्सची यादी दाखवतात. मुलं हजेरीपटावर सही करून जातात. पुढे प्रोजेक्ट हातात येतात तेव्हा त्यांत विकिपीडियाचा उतारा असतो, दोन-चार ब्लॉग असतात आणि एआयने दिलेले संदर्भ असतात, त्यातले काही तर अस्तित्वातच नसतात. आता चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पही आला आहे. तेव्हा ओरिएंटेशनचे तास वाढवून घ्यावेत, की 'संशोधन कौशल्ये' असा दोन क्रेडिटचा वेगळा पेपर लावावा?

मॅडम, मी पुण्यात वर्षानुवर्षं कॉलेज ग्रंथपाल म्हणून काम केलंय आणि माझं उत्तर आहे, आधी यातलं काहीच करू नका. तुमच्या मुलांना माहिती सापडत नाही, ही अडचणच नाही. माहिती त्यांना भरपूर सापडते, दोन मिनिटांत सापडते. आपण नेमकं काय विचारतोय हे त्यांना ठरवता येत नाही आणि समोर आलेलं विधान मुळात कुठून आलं हे त्यांनी कधी तपासलेलं नसतं. ओपॅक आणखी चार तास दाखवला तरी या दोन गोष्टी येणार नाहीत. त्या येतात त्या मुलाला स्वतःचा एक प्रश्न पडलेला असताना, तो प्रश्न वेळेत सोडवून द्यायचा असताना, आणि विषयाचे शिक्षक व ग्रंथपाल दोघंही समोर असताना.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमच्याकडे एकच ग्रंथपाल आणि एक शिपाई असेल, तर मी पुढे लिहिलंय त्यातलं निम्मंच जमेल. कॉलेजकडे एन-लिस्ट (कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी योजना) आहे का, मुलांची लॉगिन खरोखर चालू आहेत का, हे आजच विचारून घ्या. अनेक ठिकाणी वर्गणी भरलेली असते आणि लॉगिन फक्त शिक्षकांकडे असतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे जर्नल्सची देशपातळीवरची सरकारी वर्गणी, २०२५ पासून सुरू झालं, पण ते सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे आपलं कॉलेज त्यात बसतं का हे पाहावं लागेल. आणि मुलं प्रकल्प मराठीत लिहिणार की इंग्रजीत, यावर शोधण्याची पद्धत बरीच बदलते.

जुलैतलं ओरिएंटेशन का टिकत नाही? कारण तेव्हा मुलाला काहीच नको असतं. त्याला वर्ग सापडत नसतो, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. नको असताना दिलेल्या माहितीने वाचकाचा वेळ वाचत नाही. जुलैत वीस मिनिटं पुरतात: कार्ड, वेळा, पुस्तक किती दिवस ठेवता येतं, आणि अडलं तर कुणाला भेटायचं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्रंथपालांचा चेहरा आणि बसायची जागा मुलांना माहीत झाली की ओरिएंटेशनचं काम झालं.

खरा तास घ्यायचा तो विषय देऊन झाल्यावर साधारण आठवड्याने. तेव्हा मुलं थोडी घाबरलेली असतात. गूगलवर फिरून आलेली असतात, 'सर, यावर काहीच मिळत नाही' किंवा 'खूपच मिळतंय' यापैकी काहीतरी म्हणायला लागलेली असतात. तोच क्षण पकडायचा. त्या तासाला तुम्ही स्वतः हजर राहा. 'ग्रंथपाल सर तास घेतायत, मी पेपर तपासून घेते' असं झालं की मुलांना लगेच कळतं, हे मार्कांचं नाही.

आता तासात काय करायचं, ते एका विषयावरून सांगते. मुलगी येते आणि म्हणते, माझा विषय 'पुण्याचा पाणीप्रश्न'. हा विषय म्हणून ठीक आहे, पण यात प्रश्न कुठे आहे? मी तिला संगणकाजवळ जाऊच देत नाही. आधी कागदावर लिहायला लावते: कोणत्या काळातलं पुणं? कुणाचं पाणी? तुला काय कळून घ्यायचंय? बोलता बोलता कळतं की तिची आजी पानशेतच्या पुरात घर गमावून गोखलेनगरला आली आणि तिला खरं कुतूहल त्याचंच आहे. मग विषय खाली उतरतो: १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, पेठांमधली नदीकाठची घरं गेली, त्यानंतर पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा भाडेकरू आणि घरमालक यांना एकाच नियमाने घरं मिळाली का? आता हा प्रश्न झाला. याचं उत्तर हो येईल, नाही येईल किंवा अर्धवट येईल, पण ते शोधता येईल.

यानंतर मी जे विचारते, ते माझ्या मते या सगळ्या शिकवणीतलं सर्वांत कामाचं वाक्य आहे: ही माहिती त्या वेळी कुणी, कशासाठी लिहून ठेवली असेल? मुलं आधी गप्प बसतात. मग एकेक निघायला लागतं. महापालिकेने नोंदी केल्या असतील, कारण घरं द्यायची होती. सरकारने चौकशी आयोग नेमला होता, त्याचा अहवाल असेल. वर्तमानपत्रांनी रोज छापलं असेल. विधिमंडळात प्रश्न विचारले गेले असतील. वसाहतींच्या सोसायट्यांकडे कागद असतील. आणि आजीकडे आठवणी आहेत. ही यादी मुलांनी स्वतः केली की मग 'डेटाबेस' या शब्दाला अर्थ येतो. कुठल्या कपाटात काय असेल याचा अंदाज बांधता येणं हीच संशोधनाची निम्मी तयारी आहे, आणि ती कुठल्याही स्क्रीनवर शिकवता येत नाही.

मग शब्दांची पाळी. मुलगी शोधखिडकीत आजच्या स्पेलिंगने 'पुणे' लिहिते आणि म्हणते, काही नाही. अहो, त्या काळातलं इंग्रजी साहित्य सगळं 'पूना' या नावाखाली आहे, पी-ओ-ओ-एन-ए. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून या शहराचं जे मोठं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, त्याच्या शीर्षकात पूनाच आहे. खडकवासल्याचा जलाशय ब्रिटिश कागदांत 'लेक फाइफ' म्हणून येतो. हे माहीत नसलेल्याला वाटतं की या विषयावर कुणी लिहिलंच नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शकात तुम्हाला मिळणार नाही. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, पुढे १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या छपाईत अनुस्वारांची रेलचेल होती: 'पुण्यांत', 'नदींत', 'नाहीं', 'कांहीं'. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत किंवा अंकांत शब्द शोधायचा असेल तर 'पुण्यात' टाकून भागत नाही, दोन्ही रूपं टाकून पाहावी लागतात. त्यातून जुन्या खिळ्यांची छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, जोडाक्षरं तुटतात. म्हणून मुलांना सांगायचं की मराठीत यंत्राने 'शून्य निकाल' दाखवला तर त्याचा अर्थ 'नाही' असा लगेच घेऊ नका. सूची उघडा, अनुक्रमणिका पाहा, बांधीव अंक हातात घेऊन पानं उलटा. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची आहे. १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं एका भागात आणि १९५० पर्यंतची पुढच्या भागात. आजही मुलाला ती हातात दिली की त्याचे डोळे विस्फारतात, आपल्या भाषेत एवढं छापलं गेलं होतं हे त्याला पहिल्यांदाच समजतं.

मी एका साध्या कागदावर तीन रकाने आखून देते. पहिल्यात मूळ कल्पना, दुसऱ्यात तिचे सगळे पर्यायी शब्द (मराठी, इंग्रजी, जुनं, नवं), तिसऱ्यात कुठे शोधलं आणि काय हाती आलं. पूरग्रस्त, पूरपीडित, पुनर्वसन, वसाहत, निर्वासित. मुलांना स्वतःहून दोनच शब्द सुचतात, शेजारी बसलेल्याशी बोलले की आठ होतात. त्यानंतर मग शोधशब्द जोडणारे 'अँड', 'ऑर', अवतरणचिन्हं हे सगळं पाच मिनिटांत शिकवून होतं. आधी शब्द नसतील तर ही चिन्हं शिकवून काहीही हाती लागत नाही.

आता मूल्यमापनाकडे येते. पानशेतच्या पुरात किती माणसं गेली, असा प्रश्न मी वर्गाला टाकते. प्रत्येकाने फोनवर शोधायचं आणि फळ्यावर आकडा लिहायचा. आकडे जुळत नाहीत. मग दुसरी पायरी: तुमच्या आकड्याखाली स्रोत दिलाय का? दिला असेल तर तो उघडा. त्यात तो आकडा आहे का? त्याने कुठून घेतला? बहुतेक आकडे दोन उड्यांत हवेत विरतात. एका पानाने दुसऱ्याकडून घेतलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, आणि तिसऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं. कुणा एकाचा धागा अहवालापर्यंत किंवा त्या काळच्या बातमीपर्यंत पोहोचतो. पोहोचला तरी काम संपत नाही: पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी छापलेला आकडा आणि चौकशीनंतरचा आकडा एकाच गोष्टीबद्दल आहेत का? हरवलेले त्यात धरलेत का? मुलं अक्षरशः पुढे सरकून बसतात. खरा आकडा कोणता हे त्या तासात ठरलं नाही तरी चालेल. आकडा कुणीतरी, कधीतरी, कशावरून तरी काढलेला असतो, एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं की तास सार्थकी लागला.

संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का हे ठरवण्यासाठी आपण वर्षानुवर्षं मुलांना एक यादी देत आलो: लेखक कोण, तारीख आहे का, दिसायला व्यवस्थित आहे का. ही यादी आता पुरत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे संशोधक, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासणीस यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी आणि अनेक इतिहासकारसुद्धा त्याच पानावर वर-खाली करत राहिले आणि चांगल्या मांडणीला फसले. तथ्यतपासणीस पान जवळजवळ लगेच सोडून बाहेर पडले, नवीन टॅब उघडून ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिलं. मी मुलांना हेच करून दाखवते. पान वाचण्याआधी पानाबाहेर जा. सवय लागायला वेळ लागतो, कारण शाळेपासून आपण त्यांना 'नीट, पूर्ण वाच' असंच सांगितलेलं असतं.

एखादी अधिकृत यादी असली म्हणजे आपण सुटलो, असंही आता राहिलेलं नाही. चांगल्या नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आपल्याच पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायची; फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. म्हणजे एखादं जर्नल भरवशाचं आहे का, हे आता शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला स्वतः तपासावं लागणार. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, मागचे अंक खरोखर उघडतात का, इतिहासाच्या जर्नलमध्ये रसायनशास्त्राचे लेख तर नाहीत ना, तीन दिवसांत छापून देतो असं आश्वासन तर नाही ना. हे पदवीच्या मुलालाही कळतं, फक्त कुणीतरी एकदा बरोबर बसून दाखवावं लागतं.

एआयबद्दल तुम्ही वैतागून लिहिलंय आणि तुमचा वैताग योग्य आहे. तरी बंदी घालण्यात मला अर्थ वाटत नाही. मी एआयने तयार केलेली संदर्भयादीच वर्गात आणते आणि मुलांना तपासायला देते. लेखकाचं नाव ओळखीचं, जर्नलही खरं, खंड आणि पृष्ठांक अगदी व्यवस्थित. मग त्या जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायची. त्या पानांवर भलताच लेख असतो, किंवा त्या खंडात तेवढी पानंच नसतात. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक) दिला असेल तर तो टाकून पाहायचा; दुसरीकडेच नेतो, नाहीतर कुठेच नेत नाही. लेखकाने त्या विषयावर कधी लिहिलेलंच नसतं. स्वतःच्या हाताने असा एक खोटा संदर्भ पकडलेला मुलगा पुढे न उघडलेला संदर्भ लिहायला कचरतो, आणि माझा नियमही तोच आहे: जो तू उघडून पाहिला नाहीस, तो तुझ्या यादीत नको. पर्यायी शब्द सुचवायला किंवा अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला एआय वापरला तर माझी हरकत नसते, फक्त तसं नोंदवहीत लिहावं.

वाङ्मयचौर्याचं एका परिच्छेदात संपवते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलांमध्ये समज पसरलाय की १० टक्के उचलायला परवानगी आहे. तसं मुळीच नाही. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं, चोरी ओळखत नाही. अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर मोजणीतून वगळायचा असतो, आणि इंग्रजी उतारा गुपचूप मराठीत आणला तर टक्का शून्य येऊनही ती चोरीच असते. बहुतेक मुलं लबाडीने उतरवत नाहीत. त्यांनी टिपण काढताना लेखकाचं वाक्य आणि स्वतःचं वाक्य वेगळं ठेवलेलं नसतं, महिन्याने त्यांनाच ओळखू येत नाही. म्हणून टिपण काढायला शिकवा: वहीच्या डाव्या पानावर जसंच्या तसं, पृष्ठांकासकट, उजव्या पानावर पुस्तक मिटून आपल्या शब्दांत. झोटेरो वगैरे संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर नंतर शिकवता येतात.

वेगळ्या दोन क्रेडिटच्या पेपरबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही कदाचित. पीएचडीला संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम २०१९ पासून सक्तीचा आहे, आणि तिथे तो चालतो, कारण प्रत्येकाकडे स्वतःचा विषय असतो. पदवीला असा पेपर सुटा लावला की त्याच्या गाइड निघतात, 'माहिती साक्षरतेची वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न पडतो, मुलं पाठ करून येतात. अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथपालांच्या संघटनेनेही २००० साली केलेली कौशल्यांची लांबलचक मानकं २०१६ मध्ये बाजूला ठेवली आणि 'संशोधन म्हणजे प्रश्न विचारत जाणं' अशा मोजक्या पायाभूत कल्पना पुढे आणल्या. तेव्हा तुमच्या आहे त्याच पेपरच्या इंटर्नलमधले दहा मार्क शोधनोंदीला द्या. मुलांनी प्रकल्पाबरोबर तीच तीन रकान्यांची नोंद द्यायची, आणि शेवटी एका पानावर लिहायचं की कोणता स्रोत सोडून दिला आणि का. सोडलेल्या स्रोताचं कारण वाचताना तुम्हाला मुलाचा विचार स्पष्ट दिसतो, आणि ते पान कुठून उतरवताही येत नाही. मार्क ग्रंथपाल आणि तुम्ही मिळून द्या.

सगळी मुलं एकाच वेळी सांभाळणं शक्य नसेल तर चार-पाच जणांचे गट करा आणि गटाला अर्धा तास ग्रंथपालांकडे पाठवा, पण हातात शब्दांचा कागद भरलेला असेल तरच. रिकामा कागद घेऊन आलेल्या गटाला परत पाठवायचं. कडक वाटेल, पण त्याने ग्रंथपालांचा वेळ वाचतो आणि मुलं तयारीने येतात.

शेवटचं, पुण्याबद्दल. आपल्या मुलांसारखी सोय महाराष्ट्रात फार थोड्यांना आहे आणि पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्यातली बरीच मुलं यातल्या एकाही दारात जात नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय सरकारी अहवाल आणि आकडेवारीसाठी पाहावं असं आहे. १८४८ चं पुणे नगर वाचन मंदिर आहे, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ ची भांडारकर संस्था आहे, पेशवे दप्तर सांभाळणारं पुराभिलेखागार आहे. मात्र प्रत्येक ठिकाणचे नियम, वेळा आणि शुल्क वेगळं आहे. आधी फोन करून विचारा. पुराभिलेखागारात पेशवाईतले कागद मोडीत आहेत, मोडी न येणाऱ्या मुलाला तो विषय एका सत्रासाठी देऊ नका. आणि कॉलेजचं ओळखपत्र पुरत नाही, प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागू शकतं. ते पत्र टाइप करताना त्यात विद्यार्थिनीचं नाव, नेमका प्रश्न आणि कालखंड लिहा. 'संशोधनासाठी सहकार्य करावे' एवढंच लिहिलेलं पत्र पाहून काउंटरवरचा माणूस काय काढून देणार? '१९६१ ते १९६५, पूरग्रस्त वसाहती, घरवाटपाचे नियम' असं लिहिलेलं असलं, तर तो बहुधा स्वतः उठून रॅककडे जातो आणि तुम्ही न मागितलेली आणखी एखादी फाइलही आणून ठेवतो.